एकाच नावाची दोन कार्डे
प्रयोगशाळेच्या संगणकातील एका बिघाडाविषयी निवेदन

२०२४–२५ या अहवाल वर्षाच्या जमाखर्चात ‘संगणक देखभाल’ या सदराखाली नेहमीपेक्षा मोठी रक्कम पडली आहे. ती पाहून आमच्या एका ज्येष्ठ विश्वस्तांनी सभेत विचारले, की बाजारात पाचशे रुपयांच्या आत मिळणाऱ्या एका नेटवर्क कार्डापायी प्रयोगशाळेचे काम सात आठवडे विस्कळीत का राहिले? प्रश्न रास्त होता, आणि सभेत आम्ही दिलेले उत्तर अपुरे होते. त्या सात आठवड्यांत रक्ताच्या अहवालासाठी ज्या नातेवाइकांना जिन्यात ताटकळत उभे राहावे लागले, त्यांना तर तेवढेही उत्तर मिळालेले नाही. ज्यांच्या देणगीवर ही संस्था चालते त्या हितचिंतकांना ते मागण्याचा अधिकारच आहे. म्हणून घडलेला प्रकार येथे सविस्तर मांडीत आहोत. विषय यंत्राच्या पोटातला आहे, परंतु तो समजण्यास संगणकाचे शिक्षण लागत नाही. आमच्या मेट्रनबाईंना तो आमच्याआधी समजला.

प्रथम प्रयोगशाळेच्या व्यवस्थेविषयी. रक्तातील साखर, युरिया, क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम इत्यादी तपासण्या करणारे विश्लेषक यंत्र पहिल्या मजल्यावर आहे. त्याचे निष्कर्ष एका वायरीने शेजारच्या संगणकात येतात आणि तेथून नेटवर्क कार्डामार्फत तळमजल्यावरील सर्व्हरमध्ये जातात. सर्व्हरवर अहवाल आला, की कोणत्याही वॉर्डातील सिस्टरना तो आपल्या टेबलावर दिसतो. विश्लेषक यंत्र जुने असले तरी उत्तम स्थितीत आहे. मात्र त्याच्याशी बोलणारा संगणकही त्याच पिढीतील लागतो, आणि त्यावरील लिनक्स प्रणालीची आवृत्ती बदलू नये अशी यंत्र पुरविणाऱ्यांची अट आहे.

जुलै २०२४ मध्ये तो संगणक बंद पडला. योगायोगाने त्याच सुमारास एका हितचिंतकांनी आपले कार्यालय बंद करताना नऊ जुने संगणक आणि खोकेभर नेटवर्क कार्डे रुग्णालयास भेट दिली होती. सगळी कार्डे एकाच कंपनीची, एकाच नावाची, एकाच मॉडेल क्रमांकाची, एकसारख्या वेष्टनातली. आमच्या संगणक विभागाने एका संगणकावर सर्व प्रणाली बसवून तिची हुबेहूब प्रत बाकीच्यांवर उतरविली. एक संगणक प्रयोगशाळेत गेला, एक रक्तपेढीत, उरलेले इतर विभागांत.

प्रयोगशाळेतील संगणक पहिल्या दिवशी व्यवस्थित चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा सर्व्हरशी संपर्क होईना. कार्डावरचा हिरवा दिवा लागलेला होता, म्हणजे वायर जोडलेली आहे हे दिसत होते, तरीही एक अक्षर पलीकडे जात नव्हते. संगणक बंद करून पुन्हा चालू केला तेव्हा सुरळीत झाले. तिसऱ्या दिवशी ठीक, चौथ्या दिवशी ठीक, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. जो बिघाड रोज येतो त्याचा माग काढता येतो. जो लहर लागेल तेव्हा येतो त्याच्यामागे माणसे थकून जातात. पावसाळा असल्याने दमटपणावर संशय गेला. माळ्यावरच्या उंदरांवर गेला. वायर दोनदा बदलली. विजेचा दाब मोजला. बाहेरून बोलाविलेल्या तंत्रज्ञांनी स्विच बदलण्यास सांगितले, तोही नवा घेतला. तो स्विच अनावश्यक होता हे आता कळले आहे. सध्या तो डायलिसिस विभागात वापरात आहे. जमाखर्चातील रकमेचा मोठा भाग या चुकीच्या निदानांवर खर्च झाला, हे लपविण्याचे कारण नाही.

ज्या दिवशी संगणक रुसे त्या दिवशी प्रयोगशाळेतील कर्मचारी विश्लेषकाच्या पडद्यावरील आकडे कागदावर उतरवून घेत, मावशी ते कागद वॉर्डात पोहोचवीत, आणि तेथे सिस्टर ते केसपेपरवर पुन्हा लिहीत. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात अशाच एका दिवशी एका आंतररुग्णाचे पोटॅशियम ३.६ ऐवजी ६.३ असे उतरले गेले. प्रौढ माणसाच्या रक्तात ते साधारणपणे ३.५ ते ५ च्या दरम्यान असते. ६.३ म्हणजे हृदयाच्या ठोक्यांना धोका, आणि त्यावर तातडीने उपचार करावे लागतात. ते उपचार पोटॅशियम झपाट्याने खाली आणणारे असल्याने, मुळात ३.६ असलेल्या रुग्णाला दिले असते तर तेच घातक ठरले असते. त्या पाळीतील निवासी डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला, तो आकड्याशी जुळेना म्हणून प्रयोगशाळेला फोन केला, आणि चूक तेथेच उघड झाली. रुग्ण सुखरूप घरी गेले. त्या दिवसापासून मात्र हा विषय आमच्यासाठी संगणकाच्या देखभालीपुरता राहिला नाही.

आता या बिघाडाच्या मुळाकडे वळू. संगणकाच्या खाचेत कार्ड बसविले, की त्याला ते काय आहे हे कळते कसे? नेटवर्कचे कार्ड, आवाजाचे कार्ड, चित्राचे कार्ड ही सगळी वरून सारखीच दिसतात. फार पूर्वी कार्डावरच्या बारीक खुंट्या हलवून माणसालाच ते सांगावे लागत असे. १९९२ मध्ये इंटेल कंपनीने पीसीआय नावाची जोडणीची पद्धत पुढे आणली, आणि तिच्यात ही जबाबदारी कार्डावरच टाकली गेली. प्रत्येक कार्डात २५६ बाइटांची एक छोटी नोंदवही असते. संगणक चालू होताना प्रत्येक खाचेतील नोंदवही वाचतो. पहिल्या दोन बाइटांत निर्मात्याचा क्रमांक, पुढील दोन बाइटांत उपकरणाचा क्रमांक. ज्या खाचेतून उत्तरच येत नाही तेथे सगळे अंक कमाल मूल्याचे वाचले जातात, आणि तेथे कोणी नाही असे संगणक समजतो.

हे क्रमांक सोळा अंकांच्या पद्धतीने लिहितात, म्हणजे शून्य ते नऊ आणि पुढे ए ते एफ ही अक्षरे. निर्मात्यांचे क्रमांक एक मध्यवर्ती संस्था देते, त्यामुळे दोन कंपन्यांचा क्रमांक एक होत नाही. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे. तो त्यांच्या १९७८ सालच्या गाजलेल्या प्रोसेसरच्या नावावरून घेतला, हे जाणकारांना लगेच उमगते. तैवानच्या रियलटेक कंपनीचा क्रमांक १०ईसी. उपकरणाचा क्रमांक मात्र प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरविते, आणि घोटाळे होतात ते बहुधा येथेच.

कार्डाची ओळख पटली, की त्याला चालविणारा ड्रायव्हर शोधला जातो. येथे रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर अभिप्रेत नाही. विशिष्ट जातीच्या चिपशी कसे बोलावे हे ज्यात लिहिलेले असते त्या छोट्या प्रोग्रॅमला हे नाव आहे. प्रत्येक ड्रायव्हरजवळ एक यादी असते, आणि या निर्मात्याचे हे उपकरण मी चालवू शकतो असे त्यात लिहिलेले असते. लिनक्समध्ये कार्डाचे क्रमांक ज्या ड्रायव्हरच्या यादीत सापडतात त्याला ते कार्ड देऊ केले जाते. ड्रायव्हर कार्ड तपासतो, पसंत पडले तर स्वीकारतो, नाही तर नकार देतो, आणि मग पुढच्या दावेदाराला विचारले जाते. दोन ड्रायव्हरांच्या याद्यांत एकच नोंद असेल, तर जो आधी हजर होऊन नोंदला गेला त्याला प्रथम विचारतात. आधी कोण हजर होणार हे दर वेळी ठरलेले नसते, कारण संगणक सुरू होताना अनेक कामे एकाच वेळी चाललेली असतात.

आमचा बिघाड लहरी का होता, याचे उत्तर यातच होते. पण ते सापडण्यास आमच्या तंत्रज्ञांना एक वेगळी खूण मिळावी लागली. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातूनच सहा बाइटांचा स्वतःचा पत्ता मिळालेला असतो, आणि तो बहुधा कार्डावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर छापलेला असतो. तंत्रज्ञांनी रोज सकाळी संगणक कोणता पत्ता सांगतो ते वहीत लिहिण्यास सुरुवात केली. चांगल्या दिवशी तो चिठ्ठीवरच्या पत्त्याशी जुळे. वाईट दिवशी तो वेगळाच असे, आणि दर वाईट दिवशी निराळा. म्हणजे त्या दिवशी संगणक कार्डाचा पत्ता भलत्याच जागी वाचत होता, तेथे निरर्थक काही हाती लागल्यावर स्वतःच एक पत्ता बनवून वेळ मारून नेत होता. एखाद्याला दुसऱ्याच्या घराचा नकाशा देऊन कपाट शोधायला सांगावे, तसा हा प्रकार.

संगणक उघडला तेव्हा उलगडा झाला. प्रयोगशाळेतील कार्ड आणि रक्तपेढीतील कार्ड यांचे वेष्टन एक, नाव एक, मॉडेल एक, परंतु मधली चिप दोन निरनिराळ्या कारखान्यांची होती. कंपनीने काही काळाने चिप बदलली, नाव बदलले नाही, आणि नोंदवहीतील निर्मात्याचा व उपकरणाचा क्रमांकही जुनाच ठेवला. दोन चिपांसाठी दोन वेगळे ड्रायव्हर, आणि दोघांच्याही यादीत हीच क्रमांकाची जोडी. ज्या सकाळी योग्य ड्रायव्हर आधी पोहोचे त्या सकाळी प्रयोगशाळा चाले.

मग रक्तपेढीचा संगणक इतके दिवस बिनतक्रार कसा चालला? तो चोवीस तास चालू असतो. सुरुवातीला एकदा योग्य ड्रायव्हर लाभला तो तसाच राहिला. प्रयोगशाळेचा संगणक मात्र रोज रात्री बंद होत असे, कारण वीजबचतीसाठी तसे परिपत्रक आम्हीच काढलेले होते.

येथवर निदान बरोबर होते. पहिला उपाय मात्र चुकला, आणि तो का चुकला हे सांगितल्याशिवाय हे निवेदन प्रामाणिक होणार नाही. प्रयोगशाळेतील कार्डाला एक ड्रायव्हर चालत नाही, तर तो ड्रायव्हर बंद करून टाकावा, असे ठरले. बदल केला, प्रयोगशाळा सलग चार दिवस निर्वेध चालली, आणि सर्वांना सुटल्यासारखे वाटले. सर्व संगणक एकसारखे ठेवण्याच्या आमच्या शिस्तीनुसार रविवारी रात्री तोच बदल सर्व नऊ संगणकांवर उतरवून ते पुन्हा सुरू करण्यात आले. सोमवारी सकाळी रक्तपेढी संपर्काबाहेर होती. तिच्या कार्डाला नेमका तोच ड्रायव्हर लागत होता. त्या दिवशी रक्ताच्या पिशव्यांचा साठा तासातासाला फोनवरून सांगावा लागला. सुदैवाने मोठी शस्त्रक्रिया नव्हती.

मेट्रनबाईंचा उल्लेख वर आला आहे. त्या सोमवारच्या बैठकीत हा सगळा वृत्तांत ऐकून त्या म्हणाल्या, की अहो, वॉर्डात एकाच नावाच्या दोन बायका असल्या तर आम्ही एकीला घरी पाठवत नाही, दोघींचे नोंदणी क्रमांक बघतो. कार्डाला दुसरा काही नंबर नसतो का?

असतो. नोंदवहीत पुढे आणखी दोन नोंदी असतात. एक, कार्ड जोडणाऱ्या कंपनीचा क्रमांक, आणि दुसरी, त्या कंपनीने त्या विशिष्ट कार्डाला दिलेला उपक्रमांक. याखेरीज चिपची सुधारित आवृत्ती दाखविणारा एक बाइट असतो. बहुतेक वेळा पहिले दोन क्रमांक पुरतात म्हणून याद्या लिहिणारे बाकीच्या जागी ‘कोणताही चालेल’ अशी खूण करून मोकळे होतात. आमच्या दोन्ही ड्रायव्हरांच्या याद्यांत तसेच झाले होते. कार्डांचे उपक्रमांक वाचून पाहिले तर ते वेगवेगळे होते.

लिनक्सच्या ड्रायव्हरांचा मूळ मजकूर सर्वांना वाचण्यास खुला असतो. तो चाळताना आमच्या तंत्रज्ञांना आढळले, की आपण काही जगावेगळ्या संकटात सापडलेलो नाही. लिंक्सिस कंपनीच्या ईजी१०३२ या गिगाबिट कार्डाचे उदाहरण या क्षेत्रात चांगलेच परिचित आहे. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत मार्वेल कंपनीची चिप होती, तिसऱ्या आवृत्तीत रियलटेकची. दोन्हींचा मुख्य क्रमांक एकच, १७३७ आणि १०३२. फरक फक्त उपक्रमांकात. दुसऱ्या आवृत्तीचा ००१५, तिसऱ्या आवृत्तीचा ००२४. लिनक्समधील दोन्ही ड्रायव्हरांच्या याद्यांत आज या कार्डापुढे ‘कोणताही चालेल’ ऐवजी हे उपक्रमांक स्पष्ट लिहिलेले आहेत. फ्रीबीएसडी या दुसऱ्या प्रणालीतही असाच बंदोबस्त आहे. तेथे तर एका ड्रायव्हरमध्ये स्पष्ट टीप आहे, की आपण या कार्डाची तिसरी आवृत्तीच स्वीकारावी, दुसरीसाठी दुसरा ड्रायव्हर आहे. दोन स्वतंत्र मंडळींना एकाच अडचणीवर एकच उपाय करावा लागला.

दुसरे उदाहरण रियलटेकच्या ८१३९ या चिपचे. २००० च्या दशकात स्वस्त संगणक घेतलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या घरात ही चिप नकळत येऊन गेली असेल. तिची पुढची, सी प्लस नावाची आवृत्ती आली तेव्हा निर्मात्याचा आणि उपकरणाचा क्रमांक तोच राहिला. काम करण्याची रीत मात्र पार बदलली होती. जुन्या चिपमध्ये बाहेर जाणाऱ्या माहितीसाठी चारच जागा होत्या आणि येणारी माहिती एका सलग पट्टीत साठत असे. नव्या चिपने दोन्हींसाठी नोंदींच्या रांगा वापरण्याची सोय केली. यांना वेगळे ओळखता येते ते आवृत्तीच्या बाइटवरून. तो २० किंवा त्याहून अधिक असेल तर नवी, कमी असेल तर जुनी. लिनक्समधील दोन ड्रायव्हर हा बाइट पाहून आपले नसलेले कार्ड नाकारतात, आणि नाकारताना दुसऱ्याचे नाव सुचवितात. आपल्याकडे एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठविण्याचा अनुभव सर्वांनाच आहे. येथे निदान खिडकीचा नंबर बरोबर सांगितला जातो.

याच चिपच्या काही कार्डांची गोष्ट आणखी निराळी आहे. ती निर्मात्याचा क्रमांकच चुकीचा सांगतात, ०००१ असा काहीतरी. मात्र त्यांचे उरलेले क्रमांक बरोबर आणि स्थिर असतात. म्हणून ड्रायव्हरच्या यादीच्या शेवटी अशा कार्डांसाठी उलटी व्यवस्था केलेली आहे. निर्माता कोणीही म्हणा, पण उपकरणाचा क्रमांक ८१३९ आणि उपक्रमांकांची जोडी ठरावीक असेल तरच कार्ड स्वीकारायचे. लिहिणाऱ्यांनी त्या ओळींवर अशी कार्डे वेडपट असल्याची नोंदही करून ठेवली आहे. एका खुणेवर विश्वास ठेवता येत नाही तेव्हा बाकीच्या तीन खुणा अधिक काटेकोरपणे तपासून ती उणीव भरून काढली, हे आम्हाला विशेष वाटले. रस्त्यावरून बेशुद्ध अवस्थेत आणलेल्या रुग्णाच्या खिशातील ओळखपत्र दुसऱ्याचेच निघते, तेव्हा अपघात विभागात याहून वेगळे काही करीत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेसाठी नऊ उपाय सुचविले. त्यांतील एक असा, की औषध देण्यापूर्वी, रक्त घेण्यापूर्वी किंवा चढविण्यापूर्वी रुग्णाची ओळख किमान दोन खुणांनी पटवावी, आणि खोलीचा क्रमांक ही त्यातील खूण नसावी. खाट बदलते, माणूस तोच राहतो. संगणकातही नेमके असेच आहे. कार्ड कोणत्या खाचेत बसले आहे हे त्याच्या ओळखीसाठी उपयोगाचे नाही. आमच्या एका सहकाऱ्याने मध्यंतरी सुचविले होते, की प्रयोगशाळेतील कार्ड दुसऱ्या खाचेत बसवून पाहावे. बसवून पाहिले. फरक पडला नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुरुस्ती झाली ती अशी. दोन्ही ड्रायव्हरांच्या याद्यांतील ‘कोणताही चालेल’ ही खूण काढून तेथे ज्याचे त्याचे उपक्रमांक लिहिले. त्याशिवाय, कार्ड स्वीकारण्यापूर्वी चिप स्वतःची जात काय सांगते ते एकदा वाचावे, ती अनोळखी असेल तर कार्डाला हात न लावता नकार द्यावा आणि सर्व क्रमांक नोंदीत लिहून ठेवावेत, अशी तरतूद केली. सगळे मिळून वीस-बावीस ओळींचे काम. तपासणीला मात्र वेळ लागला, आणि या खेपेस आम्ही तो दिला. खोक्यातील प्रत्येक कार्ड एका सुट्या संगणकात घालून तो प्रत्येकी पन्नास वेळा बंद-चालू केला, दर वेळी पत्ता चिठ्ठीशी ताडून पाहिला. एका कार्डाचा उपक्रमांक दोन्हींपैकी एकाही यादीत बसला नाही. नव्या तरतुदीप्रमाणे दोन्ही ड्रायव्हरांनी त्याला नकार दिला. पूर्वी असते तर कोणीतरी ते निमूटपणे स्वीकारून बिघडविले असते. ते कार्ड बाजूला ठेवले आहे. त्यानंतर प्रथम प्रयोगशाळा, आठवड्याने रक्तपेढी आणि मग इतर विभाग, अशा क्रमाने बदल उतरविला. एका रात्रीत सगळीकडे नाही.

पुढे सहज पाहिले तर लिनक्सच्या नव्या आवृत्तीत आमच्या कार्डापुरता हाच बदल कोणीतरी आधीच करून ठेवलेला होता, आणि तोही आमच्यापेक्षा थोडक्यात. प्रयोगशाळेच्या संगणकाची आवृत्ती बदलण्यास मनाई असल्याने तो आमच्यापर्यंत पोहोचला नव्हता. या अटीविषयी यंत्र पुरविणाऱ्यांशी पत्रव्यवहार चालू आहे.

आता विश्वस्तांच्या मूळ प्रश्नाकडे. पाचशे रुपयांचे नवे कार्ड घेऊन हे टळले असते का? प्रयोगशाळेपुरते टळले असते, आणि ते पहिल्याच आठवड्यात घ्यावयास हवे होते, हे आम्ही मान्य करतो. रुग्णांनी आमच्या शोधाची वाट पाहण्याचे कारण नव्हते. हाताने अहवाल उतरविण्याचा दुसरा दिवस उजाडला तेव्हाच दुसरे कार्ड बसवून बिघडलेले कार्ड तपासणीसाठी वेगळे काढावयास हवे होते. तसा नियम आता केला आहे. प्रयोगशाळा, रक्तपेढी आणि अतिदक्षता विभाग यांच्यासाठी प्रत्येकी एक तपासलेला राखीव संगणक तयार ठेवला आहे. तसेच संगणक बंद असताना हाताने उतरविलेला प्रत्येक आकडा दुसऱ्या व्यक्तीने मोठ्याने वाचून ताडावा, असे प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरांनी ठरवून दिले आहे.

परंतु नुसते कार्ड बदलून रक्तपेढीचा धोका टळला नसता. चूक कार्डात नव्हती, यादीत होती, आणि त्या यादीची प्रत नऊ ठिकाणी होती. ज्या रात्री वीज जाऊन रक्तपेढीचा संगणक पुन्हा सुरू झाला असता, त्या रात्री तो योग्य ड्रायव्हरसह उठला असता की नाही, हे नशिबावर होते. ती रात्र तातडीच्या प्रसूतीची असू शकली असती. म्हणून सात आठवड्यांपैकी शेवटच्या दोन आठवड्यांचा खर्च योग्य होता असे आम्हाला वाटते. आधीच्या पाच आठवड्यांविषयी तसे म्हणता येत नाही.

जुने संगणक देऊ इच्छिणाऱ्या हितचिंतकांना एक विनंती आहे. आपल्या देणगीचे मोल आम्ही जाणतो. त्या नऊ संगणकांमुळे बाह्यरुग्ण विभागातील नोंदणीच्या दोन खिडक्या वाढविता आल्या आहेत. मात्र संगणक देताना त्यातील कार्डांवरच्या चिठ्ठ्या काढू नयेत, आणि शक्य झाल्यास मूळ खोकी व पावत्याही सोबत द्याव्यात. खोक्यावर छापलेल्या नावाशेजारी बारीक अक्षरांत आवृत्तीचा आकडा असतो, तो आम्हाला उपयोगी पडतो. संगणक विभाग तळमजल्यावर नोंदणी खिडकीच्या मागील बाजूस आहे. रविवार वगळता सकाळी १० ते सायंकाळी ५ या वेळेत तेथे देणगीची पोच दिली जाते.